लिफाफ्यातून पीडीएफमध्ये : ‘पेपरलेस’ दवाखान्याचा इतिहास वाचायचा कसा?

वैद्यकीय नोंदींवर संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर ‘पेपरलेस’ हा शब्द सुरुवातीलाच थोडा संशयाने बघा. ज्या दवाखान्यांना आपण पेपरलेस म्हणतो, त्यातल्या बहुतेकांमध्ये कागद संपलेला नसतो. तो बाहेरून येतच राहतो: हॉस्पिटलचं डिस्चार्ज पत्र, लॅबचा रिपोर्ट, विम्याचा फॉर्म. फरक इतकाच की दारातून आत आला की त्याचा फोटो काढला जातो आणि पुढे सगळे त्या फोटोवर काम करतात. आपला प्रश्न तिथून सुरू होतो. कागदाचा फोटो काढला की त्यातलं काय टिकतं आणि काय जातं?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथे प्रत्येक माणूस एका फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, नोंदवलेला असतो. डॉक्टर बदलला की रुग्णाची फाइल नव्या डॉक्टरकडे जाते. आपल्याकडे केसपेपर बहुतेक वेळा पेशंटच्याच पिशवीत असतो, त्यामुळे जन्मापासून मरणापर्यंतची एकच फाइल ही कल्पना आपल्याला जरा परकी वाटते. तिथे मात्र ती प्रत्यक्षात होती, आणि तिचं नाव होतं ‘लॉइड जॉर्ज लिफाफा’. १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आणणारे अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्यावरून ते नाव पडलं. साधारण सात इंच बाय पाच इंचांचा जाड कागदी लिफाफा, आत नोंदींची कार्डं, आणि हॉस्पिटलची पत्रं घडी घालून कोंबलेली. १९४८ साली एनएचएस सुरू झाली तेव्हाही हाच लिफाफा पुढे चालू राहिला. इंग्लंडमध्ये नवे लिफाफे देणं थांबलं ते थेट २०२१ मध्ये!

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर तर १९८० च्या दशकातच आले. आले ना, आणि कसे आले ते मजेशीर आहे. १९८७ मध्ये व्हॅम्प नावाच्या कंपनीने जीपींना कॉम्प्युटर फुकट देऊ केले. बदल्यात डॉक्टरांनी रुग्णाचं नाव काढून टाकलेली माहिती कंपनीला द्यायची. औषध कंपन्यांना त्या माहितीत रस होता. पुढे तोच साठा सरकारकडे गेला आणि आज सीपीआरडी या नावाने जगभरचे संशोधक तो वापरतात. म्हणजे या यंत्रणेच्या जन्मातच दोन गिऱ्हाइकं होती: समोरचा पेशंट बघणारा डॉक्टर आणि दूर बसलेला आकडे मोजणारा संशोधक. दोघांना लागणारी नोंद एकसारखी नसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत अशी की कॉम्प्युटर टेबलावर असूनही डॉक्टर कार्डावर लिहीतच राहिले. का, याचं उत्तर शोधताना दोन निबंध वाचायलाच हवेत. पहिला हॅरल्ड गार्फिंकेल यांचा, १९६७ चा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की क्लिनिकच्या नोंदी बाहेरच्या संशोधकाला ‘वाईट’ वाटतात, पण त्या तशा असण्यामागे क्लिनिकची चांगली कारणं असतात. नोंद ठेवणारा स्वतःच्या कामासाठी लिहितो, तुमच्या पीएचडीसाठी नाही. दुसरा निबंध ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ यांचा, १९९६ चा. त्यांनी गार्फिंकेल यांचं शीर्षक उलटवून ब्रिटिश जीपींच्या नोंदींकडे पाहिलं. कार्डावर एका ओळीत दोन शब्द असले तरी वरच्या-खालच्या नोंदींवरून दुसऱ्या डॉक्टरला सगळं कळायचं. कॉम्प्युटरने त्याच माहितीचे वेगवेगळे रकाने पाडले आणि ही ‘वाचता येणारी’ गोष्ट तुटली. मला विचाराल तर डिजिटल आरोग्यावरच्या अर्ध्या प्रपोजलमध्ये हे दोन निबंध नसतात, आणि ते लगेच जाणवतं.

कायद्याची अडचण २००० साली सुटली. त्या वर्षापासून इंग्लंडमधल्या जीपींना फक्त कॉम्प्युटरवर नोंद ठेवायची मुभा मिळाली. पण हॉस्पिटलं अजून कागदच पाठवत होती. म्हणून दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक नवं काम उभं राहिलं: टपाल उघडायचं, तारखेचा शिक्का मारायचा, स्कॅन करायचं, योग्य रुग्णाला जोडायचं, पत्राचा प्रकार लिहायचा, कोणत्या डॉक्टरच्या पडद्यावर पाठवायचं ते ठरवायचं, आणि शेवटी पत्रातली महत्त्वाची गोष्ट कोड करून मुख्य नोंदीत टाकायची. हे काम बहुतेक ठिकाणी क्लार्क करतात. एकाच नावाचे दोन रुग्ण असले आणि जन्मतारीख तपासली नाही, की एकाचं पत्र दुसऱ्याच्या फाइलमध्ये जातं. कागदी लिफाफ्यात चुकीचं पत्र निदान हाताला लागायचं. पडद्यावर ते कोणी उघडेपर्यंत दिसतच नाही.

त्या साखळीतली शेवटची पायरी, कोड करण्याची, आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. स्कॅन म्हणजे चित्र. पत्रात ‘मधुमेह’ लिहिलेलं असलं तरी कोणी तो कोड टाकला नाही, तर शोधयंत्राच्या दृष्टीने त्या रुग्णाला मधुमेह नाही. सीपीआरडीसारख्या साठ्यातून तुम्ही आकडे काढता तेव्हा खरं तर मागच्या खोलीतल्या माणसाने त्या दिवशी काय कोड करायचं ठरवलं, ते मोजत असता. एखाद्या आजाराचं प्रमाण एका वर्षी अचानक वाढलेलं दिसलं, तर आजार वाढला की कोडिंगची पद्धत बदलली, हे आधी विचारा.

स्कॅन निदान ‘जसंच्या तसं’ असतं, असंही धरून चालू नका. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संशोधकाने झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनमधला दोष उघड केला. एका बांधकामाच्या नकाशात तीन खोल्यांचं क्षेत्रफळ वेगवेगळं होतं. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ आलं! कारण फाइल लहान करण्याच्या पद्धतीत होतं. जेबिग-२ या पद्धतीत एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे तुकडे एकदाच साठवले जातात आणि बाकी ठिकाणी तोच तुकडा परत वापरला जातो. मशीनला ६ आणि ८ एकसारखे वाटले की ६ च्या जागी स्वच्छ, ठळक ८ येतो. अक्षर पुसट असतं तर शंका तरी आली असती. हाच प्रकार औषधाच्या मात्रेत झाला तर काय, याची कल्पना करा. मूळ कागद फाडलेला असेल तर पडताळायला काहीच उरत नाही. जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने पुढे २०१५ मध्ये, कागद नष्ट करायचा असेल अशा स्कॅनिंगसाठी ही पद्धत वापरायची नाही असं ठरवलं.

तारखांचंही तसंच. एका पत्राच्या तीन तारखा असतात: लिहिल्याची, पोचल्याची, स्कॅन केल्याची. जुने लिफाफे घाऊक स्कॅन होतात तेव्हा बऱ्याचदा चाळीस वर्षांचे कागद एकाच पीडीएफमध्ये जातात आणि कॉम्प्युटर त्या सगळ्यांना एकच तारीख देतो. कॉम्प्युटर स्वतःहून लावत असलेल्या तारखेची ताकद किती, ते हॅरल्ड शिपमन प्रकरणात दिसलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या या जीपीला जानेवारी २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनासाठी शिक्षा झाली. त्याने मृत रुग्णांच्या नोंदींत मागच्या तारखा घालून खोटे आजार लिहिले होते. पण ती नोंद खरोखर कधी टाइप झाली, ते कॉम्प्युटरने वेगळं जपून ठेवलेलं होतं. कार्डावर मागची तारीख टाकली असती तर पकडणं किती अवघड गेलं असतं, विचार करा.

आणि नष्ट केलेल्या कागदाचं काय? ब्रिटनमध्ये १९७० आणि ८० च्या दशकांत दूषित रक्त आणि रक्तघटकांतून हजारो लोकांना एचआयव्ही आणि हेपटायटिस सी झाला. या प्रकरणाच्या चौकशीचा अहवाल मे २०२४ मध्ये आला. अनेकांना ‘मला रक्त दिलं होतं’ हे सिद्ध करायचं होतं, पण त्यांच्या त्या काळच्या नोंदीच सापडत नव्हत्या. काही सरकारी कागद मुद्दाम नष्ट केल्याचंही अहवालात म्हटलं आहे. इतिहासकार म्हणून आपण ‘स्रोत उपलब्ध नाही’ असं एका वाक्यात लिहून पुढे जातो. त्या माणसांसाठी तेच वाक्य म्हणजे नुकसानभरपाईचा अर्ज अडकणं होतं.

भारतात काम करणार असाल तर नियमाची चौकट वेगळी आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. तीन वर्षं! म्हणजे तुमची पीएचडी संपेपर्यंत तुमचा स्रोत कायदेशीररीत्या रद्दीत गेलेला असू शकतो. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये परवानगी मागायला जाल तेव्हा फाइली मागायच्या आधी तीन गोष्टी विचारा. स्कॅनिंग कोणत्या वर्षी सुरू झालं, मागच्या बाजूचा मजकूर स्कॅन होतो का, आणि मूळ कागद कधी व कोणाच्या सहीने नष्ट होतात. हे ठरवणारी लेखी सूचना असेल तर तिची प्रत मिळवा. नसेल तर रेकॉर्ड रूममध्ये सगळ्यात जुनं कोण आहे ते विचारा, आणि पहिली मुलाखत त्यांचीच घ्या.