मळका चेंडू : एका मृत्यूचा घटनाक्रम

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये भर सामन्यात चेंडू लागून मरण पावलेला आजवर एकच खेळाडू आहे : क्लीव्हलंड इंडियन्सचा शॉर्टस्टॉप रे चॅपमन. मंगळवार, १७ ऑगस्ट १९२०, पहाटे ४.४० ही त्याच्या मृत्यूची वेळ. तिथून उलटं मोजत गेलं की वाटेत अनेक फाटे लागतात. त्यातल्या एखाद्या फाट्यावर जरी गोष्ट वेगळी वळली असती, तर १९२०चा सगळा हंगामच निराळा झाला असता.

तेरा महिने आधी

जुलै १९१९. बोस्टन रेड सॉक्सचा पिचर कार्ल मेज शिकागोतला सामना अर्धवट सोडून मैदानाबाहेर पडतो आणि या संघासाठी पुन्हा खेळणार नाही, असं जाहीर करतो. माणूस तिरसट, संघातल्यांनाही नकोसा. पण हात सोन्याचा. तो खाली वाकून जवळपास जमिनीलगतून चेंडू सोडतो. बॅटरला तो पायापाशी सुटून वर चढताना दिसतो, दिसलाच तर. १९१७मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक बॅटरना चेंडू लागले ते त्याचेच : चौदा जणांना.

बोस्टन त्याला न्यूयॉर्क यांकीजना विकून मोकळं होतं. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन भडकतात. शिस्त मोडणाऱ्याला असं बक्षीस मिळालं, तर उद्या प्रत्येक खेळाडू हेच करेल, असं म्हणून ते मेजला निलंबित करतात. यांकीज कोर्टात जाऊन मनाईहुकूम आणतात आणि मेज न्यूयॉर्कचा होतो. हा पहिला फाटा. निलंबन टिकलं असतं, तर पुढच्या वर्षी १६ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर चेंडू दुसऱ्याच कुणाच्या हातात असता.

दहा महिने आधी

ऑक्टोबर १९१९. चॅपमन कॅथलीन डेलीशी लग्न करतो. सासरे क्लीव्हलंडच्या मोठ्या गॅस कंपनीचे अध्यक्ष आहेत, त्यामुळे खेळ सोडल्यावर धंद्यात जागा तयार आहे. पण संघाची सूत्रं नुकतीच जिवलग मित्र ट्रिस स्पीकरकडे आली आहेत. खेळाडूही तोच, मॅनेजरही तोच. क्लीव्हलंडनं तोवर एकदाही लीग जिंकलेली नाही. स्पीकरसाठी आणखी एक हंगाम खेळायचं चॅपमन ठरवतो.

सहा महिने आधी

फेब्रुवारी १९२०. नियम समिती चेंडूला थुंकी, मेण, माती फासणं किंवा तो खरवडणं यावर बंदी घालते. थुंकी लावून चेंडू टाकणाऱ्या जुन्या ‘स्पिटबॉल’ पिचरना मात्र सवलत मिळते. कागदावर बंदी आली, पण चेंडू बदलायचा कधी, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. त्या काळी एकच चेंडू डावामागून डाव चालायचा. तंबाखूचा रस, चिखल आणि गवत लागून तो तपकिरी व्हायचा, मऊ पडायचा, हवेत भलतीकडे वळायचा. क्रिकेटमध्येही जुना चेंडू वापरतात, पण तो निदान टप्पा घेऊन येतो. इथे तो साठ फूट सहा इंचांवरून थेट अंगावर यायचा.

हंगाम सुरू झाल्यावर अंपायर मळके चेंडू बाद करू लागतात, तेव्हा संघमालक खर्च वाढल्याची कुरकुर करतात. मग जॉन्सन अंपायरना कळवतात की चेंडू धोकादायक नसेल, तर शक्यतो खेळात राहू द्या. कुठला चेंडू धोकादायक, हे मात्र तो कुणाला तरी लागल्यावरच कळणार.

सुमारे १३ तास आधी

सोमवार, १६ ऑगस्ट. न्यूयॉर्कमधलं पोलो ग्राउंड्स. आभाळ भरलेलं आहे, हवेत रिमझिम. तरी वीस हजारांवर प्रेक्षक आलेत, कारण क्लीव्हलंड, शिकागो आणि न्यूयॉर्क हे तिन्ही संघ गुणतक्त्यात एकमेकांना खेटून आहेत. मेजला कारकिर्दीतला शंभरावा विजय हवा आहे.

चॅपमन २९ वर्षांचा आहे. चपळ, गाणारा, गप्पा रंगवणारा; प्रतिस्पर्ध्यांचाही लाडका ‘चॅपी’. स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढच्या बेसवर सरकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. १९१७मध्ये त्यानं असे ६७ ‘सॅक्रिफाइस’ नोंदवले होते. प्लेटला चिकटून, पुढे झुकून उभं राहायची त्याची सवय आहे. डोक्यावर कापडी टोपी आहे.

शिरस्त्राण तेव्हा कुणाला सुचलंच नव्हतं, असं नाही. न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नहाननं डोक्याला चेंडू लागल्यावर १९०७मध्येच हवा भरलेलं चामडी कवच वापरून पाहिलं होतं. ते रुजलं नाही. चेंडूला भिणारा बॅटर कसला, अशी समजूत होती.

सुमारे १२ तास आधी

पाचवी इनिंग. क्लीव्हलंड ३-० पुढे आहे. चॅपमन पहिला बॅटर म्हणून येतो, स्पीकर मागे आपल्या पाळीची वाट पाहतोय. मेज खाली वाकतो आणि हात जमिनीलगत फिरवून उंच, आतला चेंडू सोडतो. चॅपमननं बंटच्या, म्हणजे चेंडू बॅटनं हलकेच टेकवायच्या पवित्र्यात मागचा पाय हलवला, असं मेजनं नंतर सांगितलं. पाहणाऱ्या अनेकांना मात्र चॅपमन जागचा हललाच नाही असं वाटलं. त्याला बहुधा चेंडू दिसलाच नाही.

टणकन आवाज येतो. चेंडू घरंगळत मेजकडे परततो. बॅटला लागला असं समजून मेज तो उचलतो आणि रीतसर पहिल्या बेसवर वॉली पिपकडे फेकतो. पिप तो झेलतो, प्लेटकडे पाहतो आणि थबकतो. चॅपमन गुडघ्यांवर कोसळलाय, डाव्या कानातून रक्त येतंय.

अंपायर टॉम कॉनली स्टँडकडे धावत डॉक्टर आहे का, असं ओरडतात. स्पीकर चॅपमनजवळ पोचतो. बर्फ लावल्यावर चॅपमन उठतोसुद्धा. क्लबहाउस मैदानाच्या पार टोकाला, सेंटर फील्डमागे आहे. दोन्ही बाजूंनी आधार देऊन त्याला चालवत नेतात. दुसऱ्या बेसपाशी त्याचे पाय लटपटतात आणि उरलेलं अंतर त्याला उचलून न्यावं लागतं.

चेंडू लागल्याबद्दल मिळालेल्या पहिल्या बेसवर त्याच्या जागी हॅरी लुंटे उभा राहतो. सामना पुढे सुरू होतो आणि मेजही पिचिंग करत राहतो.

सुमारे ११ तास आधी

क्लीव्हलंड ४-३नं जिंकतं. मेजचा शंभरावा विजय लांबतो. चॅपमनला सेंट लॉरेन्स हॉस्पिटलात नेलं आहे. त्याला बोलायचंय, पण शब्द फुटत नाहीत. एक्स-रेमध्ये कवटीचं हाड आत दबलेलं दिसतं. गरोदर असलेली कॅथलीन क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कला निघते. रात्रभराचा रेल्वेप्रवास आहे.

सुमारे ४ तास आधी

मध्यरात्र उलटते. नाडी मंदावत चालल्यानं थांबणं धोक्याचं, असं ठरतं आणि शस्त्रक्रिया होते. डॉक्टर मोडक्या हाडाचा तुकडा काढतात. मेंदूला डाव्या बाजूला थेट मार आहे. धक्क्यानं तो उजवीकडे आदळल्यामुळे तिकडेही इजा झालेली आहे. तासाभराहून अधिक चाललेल्या शस्त्रक्रियेनंतर श्वास जरा सुधारतो. हॉस्पिटलात थांबलेले खेळाडू हॉटेलवर परततात.

शून्य तास

पहाटे ४.४०. रे चॅपमनचा मृत्यू होतो.

पाच तासांनंतर

सकाळी दहाच्या सुमारास कॅथलीन न्यूयॉर्कला उतरते. बातमी ऐकताच ती कोसळते. तिकडे मेज स्वतःहून सरकारी वकिलांपुढे जबाब देतो. हा अपघात होता, असा निर्वाळा मिळून तो मोकळा होतो. त्या दिवशीचा सामना रद्द होतो.

पहिला आठवडा

काही संघांचे खेळाडू मेजवर बहिष्काराची भाषा करतात. चेंडू एका जागी खरबरीत झाला होता म्हणून तो भरकटला, तो अंपायरनं आधीच काढायला हवा होता, असं मेज म्हणतो. त्यावर बिली एव्हान्स आणि बिल डिनीन हे दोन अंपायर पत्रकच काढतात. चेंडू खरवडण्यात मेजइतका तरबेज कुणी नाही, हे एक. आणि चेंडू फार बदलले जातात म्हणून तक्रार मालकांनीच केली होती, हे दुसरं.

२० ऑगस्टला क्लीव्हलंडमध्ये अंत्यसंस्कार होतात. २३ ऑगस्टला मेज डेट्रॉइटविरुद्ध उतरतो आणि १०-०नं जिंकतो. बहिष्कार हवेतच विरतो.

दोन महिन्यांनंतर

क्लीव्हलंड आधी घसरतं, मग सावरतं. सप्टेंबरमध्ये चॅपमनच्या जागी जो सिवेल नावाचा कोवळा पोरगा येतो आणि २२ सामन्यांत .३२९ची सरासरी राखतो. २८ सप्टेंबरला, १९१९ची वर्ल्ड सिरीज विकल्याच्या प्रकरणात शिकागोचे खेळाडू ऐन मोक्याला निलंबित होतात. शेवटी क्लीव्हलंडचे ९८ विजय, शिकागोचे ९६, न्यूयॉर्कचे ९५. ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंड ब्रुकलिनला ५-२नं हरवून वर्ल्ड सिरीज जिंकतं आणि बक्षिसातला एका खेळाडूचा पूर्ण वाटा कॅथलीनला देतं.

न घडलेला हंगाम

समजा, पाचव्या इनिंगआधी कॉनलींनी नवा पांढरा चेंडू मागवला असता. चॅपमननं तो पाहिला असता आणि डोकं मागे घेतलं असतं. संघ ऑगस्टमध्ये खचला नसता, कदाचित आरामात जिंकला असता. हंगामाअखेरीस चॅपमन सासऱ्यांच्या धंद्यात गेला असता, किंवा मन बदलून आणखी काही वर्षं खेळला असता. तसं झालं असतं, तर सिवेलला दार उघडायला वेळ लागला असता. तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. मेजनं कारकिर्दीत दोनशेहून अधिक सामने जिंकले, तरी तिथे त्याला जागा मिळाली नाही. त्याचं नाव त्या एका चेंडूपासून कधी सुटलंच नाही. नाहीतर आज आपण त्याच्याबद्दल तिरसट, पण थोर पिचर म्हणून लिहिलं असतं.

एवढा सगळा फरक एका चेंडूच्या किमतीत पडला असता. म्हणूनच दोष एकट्या मेजच्या हाताला देता येत नाही. तो मळका चेंडू खेळात ठेवायचा, हे मालक आणि अध्यक्ष यांनी आधीच ठरवलं होतं.

मृत्यूनंतर अंपायर मळके चेंडू झपाट्यानं बदलू लागले. ती सुधारणा मालकांनी विनातक्रार पचवली, कारण तिचा हिशेब जमत होता. स्वच्छ, टणक चेंडू दूर जातो. बेब रूथनं १९२०मध्ये ५४ आणि १९२१मध्ये ५९ होम रन ठोकले. ते पाहायला लोक रांगा लावत होते. चेंडूंवरचा खर्च तिकिटांतून वसूल होत होता.

हेल्मेटमुळे मात्र एकही जादा तिकीट खपणार नव्हतं. मेजर लीगमध्ये नव्यानं येणाऱ्या प्रत्येक बॅटरला ते सक्तीचं झालं १९७१मध्ये, चॅपमनच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनी. त्या एका पहाटेनंतर दोन सुधारणा व्हायला हव्या होत्या. जिच्यात कमाई होती ती लगेच झाली, आणि जिच्यात फक्त जीव वाचणार होता तिला अर्धं शतक लागलं.