मुखवट्यामागे कोण? फँटम ते वेताळ



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, ‘सर, कांट संपला की काय?’ (हशा) संपलेला नाही. पण व्यक्तीची ओळख नेमकी कशात असते, देहात, आठवणीत, नावात की आणखी कशात, हे वर्गात समजावून सांगताना आम्ही अनेक वर्षं जे उदाहरण वापरत आलो, ते कॉमिक्समधलंच आहे. इंग्रजीत त्याला फँटम म्हणतात. तुमच्यापैकी साठीच्या आसपास असलेल्यांना तो ‘महाबली वेताळ’ म्हणून माहीत असणार. आज त्याचा इतिहास पाहू. ओळखीचा प्रश्न त्यातून आपोआप निघेल आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जरा अडचणीचा प्रश्नही येईल.

१७ फेब्रुवारी १९३६ या दिवशी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत फँटमची पहिली चित्रपट्टी छापून आली. लेखक ली फॉक, वय चोवीस, सेंट लुईस शहरात वाढलेला. दोन वर्षांपूर्वी, १९३४ मध्ये, त्याने मँड्रेक जादूगार निर्माण केला होता. चित्रं रे मूर यांची. आणि मालकी किंग फीचर्स सिंडिकेटची. सिंडिकेट म्हणजे एकच पट्टी एकाच वेळी अनेक वृत्तपत्रांना विकणारी कंपनी. हे लक्षात ठेवा, कारण फँटम पुढे देशोदेशी पोचला तो याच व्यापारी रस्त्याने.

सुपरमॅन आला १९३८ मध्ये, बॅटमॅन १९३९ मध्ये. म्हणजे अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा, ही आज सुपरहिरोची ओळख समजली जाते ती वेशभूषा फँटमने त्यांच्या आधी घातली. डोळ्यांत बुबुळं का नाहीत? तर फॉकने जुने ग्रीक अर्धपुतळे पाहिले होते आणि त्यांचे ते कोरे डोळे त्याला भीतिदायक वाटले होते. पण फँटमकडे दैवी शक्ती मात्र एकही नाही. तो उडत नाही, त्याला गोळी लागते, तो आजारी पडतो. मग जंगलातले लोक त्याला अमर का मानतात?

इथे मोठी गंमत आहे. सुरुवातीला फॉकच्या डोक्यात वेगळंच काहीतरी होतं. जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, ऐतखाऊ तरुण हाच रात्री मुखवटा घालतो, असं तो सुचवत चालला होता. पहिलीच कथा चालू असताना त्याने बेत बदलला, जिमीला बाजूला ठेवलं आणि नायकाला जंगलात नेलं. चारशे वर्षांपूर्वी चाचे एका जहाजावर हल्ला करतात, सगळे मारले जातात, एक तरुण किनाऱ्याला लागतो. बांदार नावाचे ठेंगणे वनवासी त्याला वाचवतात. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढू. तो मेल्यावर मुलगा तोच मुखवटा चढवतो, मग त्याचा मुलगा. आपण वाचतो तो एकविसावा. बाहेरच्यांना वाटतं, माणूस तोच आहे. कवटीच्या गुहेत वीस थडगी आहेत आणि प्रत्येकाने आपल्या हाताने लिहिलेली रोजनिशी.

‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन राजाला विचारतो, की रात्रभर दिवा जळला, तर पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. फँटम हा असाच तेवणारा दिवा. देह बदलतो, शपथ, अंगठी आणि मुखवटा पुढे जातात. एका कथेत तर सतराव्या फँटमची बहीण ज्युली तो पोशाख घालते, आणि मुखवट्याचं काही बिघडत नाही.

आणि तरीही बघा, मरणाची एवढी चोख व्यवस्था करून ठेवल्यावर फॉकने ती कधी वापरलीच नाही! १९३६ मधला एकविसावा फँटम १९७७ मध्ये डायनाशी लग्न करतो, त्याला किट आणि हेलॉईज ही जुळी मुलं होतात, आणि तो तरुणच राहतो. सुपरमॅन म्हातारा का होत नाही, त्याच्या कथेत काळ पुढे का सरकत नाही, यावर उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये एक सुंदर निबंध लिहिला. फँटमच्या बाबतीत हे कोडं जास्त तिढ्याचं आहे, असं आम्हाला वाटतं. इथे वारस जन्मलेला आहे, गादी ठरलेली आहे, पण खपणारा नायक मरू देणं व्यापाराला परवडत नाही.

माध्यमं बदलली तशी या गादीची गत काय झाली, तेही पाहण्यासारखं आहे. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली. फॉकच्या मनात राखाडी रंग होता, छापून आला जांभळा. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत लाल. एकाच नायकाचे तीन रंग, आणि ज्या देशाच्या वाचकाला विचाराल तो आपलाच खरा म्हणणार. १९४३ मध्ये कोलंबिया कंपनीने पंधरा भागांची सिनेमालिका काढली, नायक टॉम टायलर. १९८६ च्या ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ या कार्टूनमध्ये सत्ताविसावा फँटम दिसतो, १९९४ च्या ‘फँटम २०४०’ मध्ये चोविसावा, प्रदूषणाने गुदमरलेल्या शहरात. म्हणजे फॉकने न वापरलेली सोय कार्टूनवाल्यांनी वापरली. आमच्या मते ‘२०४०’ हा मूळ कल्पनेला सगळ्यात जास्त जागलेला अवतार आहे. १९९६ चा बिली झेनचा चित्रपट मात्र उलट तीसच्या दशकात गेला. देखणा होता, तिकीटबारीवर पडला.

आता तो अडचणीचा प्रश्न.

फँटमचं जंगल कुठे आहे? सुरुवातीच्या कथांत ते आशियात आहे, नाव बंगालवरून घेतलेलं. चाच्यांच्या टोळीचं नाव ‘सिंघ’. वनवासी ‘बांदार’, म्हणजे आपल्याला ऐकताना सरळ ‘बंदर’. बंगालात ठेंगू वनवासी आणून बसवताना फॉकला काही अडचण वाटली नाही. पुढे साठच्या दशकापर्यंत ‘बंगाला’ आफ्रिकेत पोचलं होतं. वसाहती स्वतंत्र होत होत्या, तेव्हा फॉकने तिथे निवडणूक घेतली, लुआगा नावाचा कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष आणला आणि फँटमला त्याचा मित्र केलं. फॉक मनाने उदार माणूस होता, यात शंका नाही. पण लोकांनी निवडलेला अध्यक्ष राजधानीत, आणि जंगलात चारशे वर्षांची वंशपरंपरागत गादी. तिच्यावर, चित्रं पाहा, प्रत्येक पिढीत गोराच माणूस. त्याचा शब्द म्हणजे कायदा. मुखवट्याआडचा माणूस कोणीही असला तरी चालतो, हे तत्त्व म्हणून ठीक आहे. मग गुरान का चालला नाही? तो बांदारांचा प्रमुख आहे, लहानपणापासूनचा मित्र आहे, सगळी गुपितं जाणतो. या प्रश्नाला मूळ मालिकेत उत्तर नाही.

वाचकांनी मात्र आपापली उत्तरं दिली. पापुआ न्यू गिनीत टोक पिसिन भाषेतल्या ‘वाँटोक’ या वृत्तपत्रात फँटम छापला जात असे. तिथल्या वाघी खोऱ्यात टोळ्यांच्या लढाया पुन्हा पेटल्या, तेव्हा योद्ध्यांनी आपल्या ढालींवर फँटम रंगवला. जो मरत नाही, तो ढालीवर असलेला बरा. किती साधा तर्क आहे! गोऱ्या राजाचा मुखवटा त्यांनी उचलला आणि स्वतःच्या लढाईत पुढे धरला.

आपल्याकडे काय झालं? मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं, आणि पहिल्या अंकापासून नायक होता फँटम. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, अशा अनेक भाषांत तो निघाला. पुढे ‘अमर चित्र कथा’ उभी करणारे अनंत पै त्या वेळी तिथेच काम करत होते. संपादकांनी बंगालाचं ‘डेंकाली’ केलं, ‘सिंघ’ चाच्यांचं ‘सिंगा’. स्वतंत्र होऊन सतरा वर्षं झालेल्या देशात, सिंग आडनावाची कितीतरी मुलं हे वाचणार असताना, चाच्यांना ते नाव ठेवणं शक्यच नव्हतं. एक अक्षर इकडेतिकडे, आणि आपलीच माणसं खलनायक होण्यातून सुटली.

आणि नाव ठेवलं ‘वेताळ’. बंगालीत तो ‘अरण्यदेव’ झाला, तेही छान आहे. पण वेताळ! इंग्रजी पट्टीत फँटमला चालणारं भूत म्हणतात. आता कोकणात आणि गोव्यात वेताळ कोण आहे? भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार. तो रात्री गावाच्या सीमेवरून फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. देवळात त्या नव्या वहाणांच्या शेजारी झिजलेल्या दाखवणारे गावकरी आम्ही पाहिले आहेत. पुण्याच्या मंडळींना तर वेताळ टेकडी रोजच्या फिरण्यातली. हे नाव सुचवणाऱ्या माणसाने गोऱ्या अधिपतीला शीवेवरचा ग्रामदेव करून टाकलं. देवाच्या वंशावळीची चौकशी गाव करत नाही, त्याने राखण केली की झालं. आम्ही म्हणतो, फॉकला राष्ट्राध्यक्ष लुआगा आणून जे साधलं नाही, ते इथे एका शब्दाने बरंचसं साधलं. बरंचसंच म्हणायचं. पान उलटलं की चित्रातला हात गोराच होता.

‘इंद्रजाल’मधूनच याला पुरं उत्तरही आलं. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ निर्माण केला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, चंबळच्या मुलखातला तरुण. याचा बाप डाकू, पोलिसांच्या हातून मेलेला. म्हणजे कथेची सुरुवात अगदी फँटमसारखी: बाप मारला जातो आणि मुलगा सूडाची शपथ घेतो. फरक पुढे आहे. बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवण्याऐवजी बहादूर त्या पोलीस अधिकाऱ्याच्याच घरी वाढतो, बापाचा वारसा नाकारतो आणि गावोगावी नागरिकांचं सुरक्षा दल उभारतो. त्याला मुखवटा नाही. एकविसावा नाही आणि बाविसावाही नाही. गावातले लोक त्याच्याबरोबर लाठ्या घेऊन उभे राहतात.

दोघेही एकाच मालिकेत, कधी हा तर कधी तो, असे १९९० पर्यंत येत राहिले. त्या वर्षी ‘इंद्रजाल’ बंद पडलं. फॉक १९९९ मध्ये वारला, शेवटपर्यंत तो फँटम लिहीत होता. रोजची पट्टी आता दुसरे लेखक-चित्रकार चालवतात. गादीवर अजून एकविसावाच आहे.