ध्वनिवर्धकपूर्व काळातील कंठश्रम : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शाहिरी व कीर्तन

शाहिरी व कीर्तन यांचा अभ्यास आजवर मुख्यतः संहितेच्या अंगाने झाला. ती संहिता उघड्या मैदानावर रात्रभर पोहोचविणाऱ्या कंठाचा विचार क्वचितच झालेला आढळतो.

सामान्य बोलण्यात पुरुषाच्या स्वरतंतूंची सेकंदाला सुमारे १०० ते १३० कंपने होतात. आवाज चढविला की तंतू परस्परांवर अधिक जोराने आदळतात. निरोगी परंतु अप्रशिक्षित कंठ दीर्घकाळ असा राबविल्यास तंतूंना सूज येऊ शकते, स्वर उमटण्यास अधिक श्वासदाब लागतो व आवाज घोगरा होतो. विश्रांतीने हा परिणाम बहुधा ओसरतो.

ही विश्रांती परंपरेने रचनेतच सामावून घेतली होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) ज्या तमाशातून पुढे आले, त्यात शाहिराने कडवे म्हणावे व झीलकऱ्यांनी ध्रुपद उचलावे, अशी वाटणी असे. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून फंदी कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. तेथेही पूर्वरंग व उत्तररंग यांच्या मध्ये होणाऱ्या भजनाने बुवांना उसंत मिळे. गोदावरीतील सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताहात नाम सात दिवस अखंड चालते. टाळकरी मात्र पहाऱ्याने बदलतात. गाण्याची तालीम नसलेल्या शेतकऱ्यांच्या कंठांना हा पहारा किती उपकारक ठरला असेल!

ध्वनिवर्धकाने हे श्रम उतरले, हे विधान अर्धेच खरे आहे. गोंगाटात मनुष्य नकळत आवाज चढवितो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडले. कर्ण्याजवळच्या टाळकऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो अधिकच ताणून गातो.