बोलण्याचा हक्क आणि अडवण्याचा हक्क

अमेरिकेच्या सिनेटमध्ये सभासद १००. तेव्हा ५१ मते मिळाली की कायदा झाला, असे आपणांस वाटेल. तसे नाही. १८०६ साली नियमावली आटोपशीर करताना, चर्चा थांबवून मत घेण्याची तरतूद सिनेटने गाळली. अडवणुकीचे हत्यार कोणी मुद्दाम घडवले नव्हते. ते पुढे हाती सापडले. १९१७ मध्ये दोन-तृतीयांश मतांनी चर्चाबंदी करण्याचा नियम आला. १९७५ मध्ये ६० मते पुरेशी ठरली.

१९५७ साली नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड चोवीस तासांहून अधिक वेळ बोलले. पुढे तर उभे राहण्याचेही कष्ट उरले नाहीत. अडवणार असे कळवले की पुरे!

कामगारांची कथा ऐका. संघटना केली म्हणून बेकायदा कामावरून काढणाऱ्या मालकांना जरब बसवणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने १९७७ मध्ये मंजूर केले. १९७८ मध्ये सिनेटमध्ये चर्चाबंदीचा ठराव सहा वेळा आला. जास्तीत जास्त मते पडली ५८. मूळ विधेयकावर मत झालेच नाही.

२०१३ व २०१७ मध्ये नेमणुकांपुरती ही अट साध्या बहुमतावर आणली, कायद्यांपुरती ठेवली. ती काढावी, की अडवणाऱ्याला पुन्हा उभे राहून बोलायला लावावे, असे दोन पक्ष आहेत. कामगारविरोधी बहुमत आले तर हीच अट ढाल होते, हेही खरे. तरीही युनियनच्या सभेत आम्ही विरोधकाला पोटभर बोलू देतो, आणि मग हात मोजतो. बोलणे हा त्याचा हक्क. मोजणे हा सभेचा.