पोटदुखी, आकस्मिक

उदरातील अवयवांच्या विकारामुळे अचानक उद्भवणारी वेदना. अपचन वा वात धरल्याने होणारी पोटदुखी बहुधा काही तासांत ओसरते. आंत्रपुच्छशोथ (अपेंडिक्सची सूज), आतड्याला पीळ पडणे, जठरव्रण फुटणे व स्वादुपिंडशोथ यांत मात्र विलंब जिवावर बेततो. आंत्रपुच्छशोथात वेदना बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या ओटीपोटात स्थिरावते. मुतखड्याची कळ पाठीकडून जांघेकडे उतरते.

धोक्याची लक्षणे : वाढत जाणारी वेदना, पोट कडक होणे, वारंवार उलट्या, रक्ताची उलटी, काळी विष्ठा, शौच व वायू दोन्ही बंद होणे, तीव्र ताप, घेरी. पाळी चुकलेल्या स्त्रीस ओटीपोटात तीव्र कळ आल्यास गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेची शक्यता तातडीने तपासावी. छातीत दडपण वा घाम असल्यास हृदयविकारही संभवतो. यांपैकी कोणतेही लक्षण असल्यास जुलाबाचे औषध देऊ नये, पोट चोळू नये.

बीड तालुक्यातील लिंबागणेश परिसरातील गंभीर रुग्णास 108 क्रमांकाच्या मोफत रुग्णवाहिकेने बीडच्या जिल्हा रुग्णालयात हलवावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही याच जिल्ह्यात आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये शासकीय समितीने चौकशी केली. त्यामुळे ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास सोनोग्राफी करून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.