वायुनिर्मितीवरून अभिक्रियेच्या दराचे मापन

वायुनिर्मितीवरून अभिक्रियेच्या दराचे मापन ही रसायनशास्त्रातील एक प्रायोगिक पद्धत आहे. ज्या रासायनिक अभिक्रियेत वायू तयार होतो, तिचा दर (वेग) ठरावीक वेळेत जमलेल्या वायूच्या आकारमानावरून किंवा पात्राच्या वस्तुमानात झालेल्या घटीवरून काढतात. मातीतील मुक्त चुनखडी तपासताना हेच तत्त्व उपयोगी पडते. त्यामुळे जालना जिल्ह्यासारख्या मोसंबी पिकवणाऱ्या प्रदेशात त्याला व्यावहारिक महत्त्व आहे.

तत्त्व

शहाबादी फरशी हा चुनखडक असून त्यात मुख्यत्वे कॅल्शिअम कार्बोनेट असते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया होऊन कॅल्शिअम क्लोराइड, पाणी व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. १ ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेटपासून ०.४४ ग्रॅम, म्हणजे २५° सेल्सिअस तापमानाला व सामान्य वायुदाबाला सुमारे २४५ मिलिलीटर वायू मिळतो.

कृती

शंकुपात्रातील आम्लात फरशीचे तुकडे टाकून वाहकनळीचे बूच लगेच बसवतात. नळी वायुसिरिंजला जोडून दर १० सेकंदांनी आकारमान नोंदवतात. वायू पाण्यावर गोळा केल्यास त्याचा काही भाग विरघळतो व आकारमान कमी भरते. वायूला वाट नसलेले बंद पात्र दाब वाढून फुटू शकते.

आलेख

काळ व आकारमान यांच्या आलेखाचा चढ म्हणजे अभिक्रियेचा दर. पहिल्या ३० सेकंदांत ६० मिलिलीटर वायू जमल्यास सरासरी दर सेकंदाला २ मिलिलीटर होतो. अभिक्रियाकारके संपत जातात तसा चढ कमी होतो व शेवटी आलेख आडवा होतो. तितक्याच वजनाची फरशीची भुकटी वापरल्यास आरंभीचा चढ तीव्र होतो; वायूचे एकूण आकारमान मात्र तेवढेच राहते.

माती परीक्षणातील उपयोग

शेतातील मातीवर आम्लाचे थेंब टाकल्यास चुनखडीमुळे फेस येतो. फेसाचा जोर अभिक्रियेचा दर दाखवतो, चुनखडीचे प्रमाण नव्हे. बारीक चुना थोडा असला तरी जोराने फेसाळतो. चुनखडीचे खडे पुष्कळ असूनही संथपणे विरघळतात. म्हणून प्रयोगशाळेत कॅल्सिमीटर या उपकरणात ठरावीक वजनाच्या मातीतून निघणारा वायू आकारमान स्थिर होईपर्यंत मोजतात. मुक्त चुनखडी साधारणतः १० टक्क्यांहून अधिक असलेली जमीन मोसंबीला अयोग्य मानली जाते. अशा जमिनीत झाडांना लोह पुरेसे मिळत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. मोसंबीची बाग अनेक वर्षांची असल्याने लागवडीचा निर्णय केवळ फेस पाहून घेणे धोक्याचे ठरते.