कराची ते जुहू : सव्वासात तास

दोन विमानतळांमधील अंतर किती, असें कोणीं विचारलें तर आपण नकाशा उघडतों, पट्टी ठेवतों आणि मैलांचा आंकडा सांगून मोकळे होतों. वेळेचा प्रश्न मात्र पट्टीनें सुटत नाहीं. ह्याचें बोलकें उदाहरण मुंबईच्या इतिहासांतच आहे.

कराची व जुहू ह्यांमधील सरळ अंतर सुमारें ५४० मैल. ही रेघ काठेवाड ओलांडून पुढें मुंबईपर्यंत खुल्या समुद्रावरून जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं श्री. जे. आर. डी. टाटा ह्यांनीं कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून टपाल घेऊन उड्डाण केलें, तें मात्र ह्या रेघेनें नव्हे. त्यांचें ‘पस मॉथ’ विमान लहानसें, एकाच एंजिनाचें. बिनतारी संदेशाचें यंत्रहि त्यांत नव्हतें. मार्ग ठरला तो अहमदाबादवरून. कराची ते अहमदाबाद अदमासें ३७० मैल व तेथून जुहू २७५; म्हणजे शंभराहून अधिक मैलांचा वळसा!

सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं निघालेलें विमान दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं जुहूस उतरलें. वेग ताशीं १०० मैल धरला तर ६४५ मैलांस साडेसहा तास लागतात. हिशेब ढोबळ आहे खरा. पण उरलेल्या पाऊण तासाचा जाब अहमदाबादकडेच मागावा लागेल. तेथें विमानासाठीं पेट्रोल आलें तें चार-चार गॅलनांच्या डब्यांतून, आणि तेंहि बैलगाडीनें! शतकांचें अंतर असलेलीं दोन वाहनें त्या माळावर शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं.

विमानांत टपाल होतें अवघें ५५ पौंड. परंतु त्याचें मोल वजनावर ठरत नव्हतें. लंडनचें टपाल १९२९ पासून ‘इंपीरियल एअरवेज’च्या विमानमार्गानें कराचीपर्यंत येऊं लागलें होतें, पुढें मात्र त्यास वाळवंटाचा वळसा घालणाऱ्या आगगाडीवांचून गति नव्हती. तो तुटलेला दुवा टाटांनीं जोडला. जुहूस नेव्हिल व्हिन्सेंट हे वैमानिक सिद्ध होतेच. त्यांनीं टपाल उचललें आणि बल्लारीस रात्रीचा मुक्काम करून तें मद्रासेस नेलें. माझ्या मतें त्या दिवसाची खरी कमाई वेगाची नव्हे, ह्या वेळापत्रकाची होय.

जुहूचा तळ तरी कसा? चिखलाची सपाट जागा. पावसाळ्यांत ती पाण्याखालीं जाई, आणि मग सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. मुंबईचें विमान पुण्यास उतरे!

१९४७ नंतर कराची परदेशांत गेली. १९८२ सालीं त्याच तारखेस, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटांनीं ‘लेपर्ड मॉथ’ ह्या जुन्या बनावटीच्या विमानांतून एकट्यानें तेंच उड्डाण पुन्हां केलें आणि ते जुहूसच उतरले.